उकळण्याआधीचा ग्लास

घरी बिअर करायला मी अमेरिकेत शिकलो. कंपनीने सहा महिन्यांसाठी पाठवलं होतं, बर्फामुळे बाहेर पडता येत नव्हतं आणि शेजारचा म्हातारा तळघरात बिअर करायचा. परत येताना लोकांनी बॅगेत चॉकलेटं भरली. मी यीस्टची पाकिटं, हॉप्स नावाची वाळलेली कडू फुलं आणि पाण्यात साखर किती ते दाखवणारी एक काचेची नळी आणली. शनिवार पेठेतल्या आमच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर राहायचा, तिथे हे उद्योग शक्यच नव्हते. ऑफिस लांब पडतं असं आईला सांगून मी कर्वेनगरला भाड्याने फ्लॅट घेतला. कर्वेनगरहून ऑफिस आणखी लांब होतं, पण आईला ते कोण सांगणार. सोबतीला ऑफिसातलाच एक जण आला.

तो वर्ध्याकडचा, आमच्या टीममध्ये टेस्टर. मी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या आणि सगळ्यांना दिसतील अशा यादीत नोंदवायच्या, हे त्याचं काम, आणि ते तो फार मन लावून करायचा. घरात मात्र माणूस सोन्यासारखा. पहिल्याच दिवशी म्हणाला, "मी घेत नाही. आमच्या आज्यानं धम्मदीक्षा घेतली, त्या दिवसापासून घरात कोणी थेंब घेतला नाही. आज्यानं नाही, बाबांनी नाही, मी नाही. तू घे, मला काही त्रास नाही."

"वा, म्हणजे माझ्या बाटल्या सुरक्षित," मी म्हणालो. तो हसला. माझ्या अशा बोलण्याला तो नेहमी हसायचा. त्याला टोमणे कळत नाहीत अशी माझी समजूत होती.

बिअर ऐकायला अवघड, करायला आपल्या स्वयंपाकासारखीच. नाचणीचं सत्त्व करताना मोड आणून वाळवतात, तशी मोड आणून वाळवलेली बार्ली घ्यायची, भरडायची आणि पासष्ट अंशाच्या पाण्यात तासभर ठेवायची. दाण्यातल्या पिठाची साखर होते. मग गाळायचं. हे गाळलेलं पाणी तांबूस आणि गुळवणीसारखं गोड असतं, त्यात मद्याचा मागमूसही नसतो. पुढे ते हॉप्स घालून उकळायचं, गार करायचं आणि मग त्यात यीस्ट सोडायचं. यीस्ट म्हणजे बिअरचं विरजण. ते साखर खातं आणि तिची दारू करतं.

रविवारी सकाळी तो मदतीला यायचा. वीस लिटरचं पातेलं उचलायला दोघं लागत. एकदा गाळताना त्याने विचारलं, "हे पिऊन पाहू का? यात काही नाही ना?" लहान पोरांनाही देता येईल, असं मी सांगितलं, आणि ते खरं होतं. त्याने स्टीलच्या ग्लासात घेऊन, फुंकर मारत, ओट्याशी उभं राहून ते संपवलं आणि ग्लास पुन्हा पुढे केला. तेव्हापासून दर खेपेला उकळण्याआधीचा एक ग्लास त्याचा असं ठरूनच गेलं.

एप्रिलमध्ये माझं घोडं अडलं. यीस्टला विशीतलं तापमान लागतं आणि आमची खोली दुपारी पस्तिशीच्या पुढे. गरमीत आंबलेल्या बिअरला नेलपॉलिश पुसायच्या औषधासारखा वास येतो. दोन खेपा मोरीत ओतल्या. मी इंटरनेटवर उपाय शोधत बसलो होतो. त्याने कुठूनसं गोणपाट आणलं, ओलं करून बिअर आंबत ठेवलेल्या कॅनला गुंडाळलं, समोर टेबल फॅन लावला आणि दिवसातून तीनदा त्यावर पाणी मारत राहिला. तिसरी खेप अशी उतरली की मी स्वतःच थक्क झालो.

अर्थात ऑफिसात मी थक्क झालेलं दाखवलं नाही. पाच जणांना रविवारी दुपारी जेवायला बोलावलं. त्यात एक मुलगी होती, आणि खरं सांगायचं तर सगळा घाट तिच्यासाठीच होता. तिने पहिला घोट घेतला आणि विचारलं, "एवढ्या उन्हाळ्यात हे जमवलंस कसं?" मी तापमान, यीस्टची जात, वाफेने शोषली जाणारी उष्णता असं बरंच काही सांगत होतो. तो स्वयंपाकघरातून भज्यांचं ताट घेऊन आला आणि सहज म्हणाला, "गोणपाट आणि टेबल फॅन."

त्यात दुष्टावा नव्हता. पण सगळे हसले आणि ती सर्वांत जास्त हसली. "म्हणजे बिअर खरी तुझीच की," ती त्याला म्हणाली. "आणि तू चाखतसुद्धा नाहीस?"

"नाही. आमच्या घरी शील पाळतात." मग तिने आज्याबद्दल विचारलं आणि तो सांगू लागला. ती ग्लास खाली ठेवून ऐकत होती. माझं बोलणं तिने असं कधीच ऐकलं नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"चाखत नाही काय," मी म्हणालो. "दर खेपेला ग्लासभर पितो."

"ते तर गोड पाणी आहे."

"गोड पाणी? अरे, मी रात्रीच विरजण घालून ठेवतो त्यात. तुला काय वाटलं, बार्ली आपोआप गोड होते? टेस्टर ना तू?"

हशा पिकला. मी सांगितलं ते धडधडीत खोटं होतं. पासष्ट अंशाच्या पाण्यात यीस्ट जगतच नाही. काचेची नळी बुडवली असती तर तिनेही साखर जशीच्या तशी असल्याचं दाखवलं असतं. पण दारूची चव ज्याला माहीतच नाही, तो ही चव दारूची नव्हे असं कशाच्या जोरावर म्हणणार? तीन पिढ्यांनी जे जपलं होतं, त्यामुळेच त्याच्याकडे मला द्यायला उत्तर नव्हतं. हे मला नंतर सुचलेलं नाही. तोंड उघडण्याआधीच मला ते ठाऊक होतं.

त्याने ताट खाली ठेवलं. "खरं?"

"मग काय, खोटं सांगतोय?"

तो आत गेला. त्याने आपला ग्लास साबणाने घासला आणि ओट्यावर पालथा घातला. पाहुणे गेल्यावर मी म्हणालो, "एवढं काय मनाला लावून घ्यायचं?" त्याने उरलेली भजी डब्यात भरली. महिनाअखेर त्याने हिंजवडीकडे खोली घेतली. तोवर एक खेप कॅनमध्ये होती, आणि जाईपर्यंत तो रोज तीनदा गोणपाटावर पाणी मारत होता. मला वाटलं, म्हणजे फारसं लागलेलं नाही.

ती मुलगी पुढे माझी बायको झाली. त्या दुपारबद्दल मी तिलाही कधी सांगितलं नाही.

नऊ वर्षांनी तो कर्वेनगरच्या चहाच्या दुकानात भेटला. कानशिलांवरचे केस पिकले होते. त्याने माझी चौकशी केली, माझी लेक केवढी झाली ते विचारलं. मग बशीकडे बघत म्हणाला, "एक विचारायचं होतं. त्या पाण्यात खरंच विरजण होतं का रे?"

मी चहावरची साय चमच्याने बाजूला केली. तोच पुढे म्हणाला, "बाबा आता थकले. त्यांना मी अजून सांगितलं नाही. सणाला त्यांच्या शेजारी बसून पंचशील म्हणतो, तेव्हा खोटं बोलून राहिलो असं वाटतं. सांगून टाकायचं आहे. पण तू त्या दिवशी गंमत केली असशील, तर म्हाताऱ्याला उगाच कशाला दुखवू?"

नव्हतं, एवढं एकच म्हणायचं होतं. पण ते म्हटल्यावर हा माणूस माझ्याकडे ज्या नजरेने बघेल, ती मला नको होती. त्याला दोन मिनिटं तोंड दाखवण्यापेक्षा वर्ध्याकडचा एक अनोळखी म्हातारा दुखावलेला मला परवडत होता.

"होतं," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. "बरं झालं विचारलं. शनिवारी गावी जातोच आहे, सांगून येतो." मग चहा संपवला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेला.

जाताना त्याने नंबर दिला होता. भेटलो तो सोमवार होता. शनिवारपर्यंत फोन रोज माझ्या खिशात होता.

रविवारी सकाळी मी पातेलं चढवलं. गाळायला घेतल्यावर मुलगी ओट्याशी आली आणि वासानेच खूश होऊन म्हणाली, मला पण. बायकोने हॉलमधून विचारलं, "अहो, तिला काय देताय ते? चालतं का?"

"यात काही नसतं," मी म्हणालो आणि पोरीचा ग्लास भरला.