पहिल्या ताटाचा पाहुणा

नाशिकच्या पेठ नाक्यावर सकाळी सातला मी एसटीत चढलो, तेव्हा माझ्या एका हातात द्राक्षांची पेटी होती, दुसऱ्या हातात शेव-चिवडा आणि अर्धा किलो जिलबी असलेली पिशवी, आणि पोटात दोनदा तर्री मागून घेतलेली मिसळ. अशा तयारीनिशी मी निघालो होतो पोषणाचं काम बघायला.

हे काम आमच्या मंजिरीचं. मुलगी आहारशास्त्र शिकली, वर्गात पहिली आली. मी मनातल्या मनात तिला गंगापूर रोडवर काचेच्या दाराचा दवाखानाही थाटून दिला होता. तिथे सुखवस्तू लोकांनी यावं, हिने त्यांना भात सोडायला सांगावा आणि त्यांनी आभार मानून जावं, असा बेत होता. तिने नोकरी धरली ती पेठच्या पलीकडच्या पाड्यांवर. शेजारीपाजारी विचारत, तेव्हा मी "तात्पुरतं आहे" म्हणायचो. दोन वर्षं म्हणत होतो.

रामशेज मागे पडला, सावळघाट सुरू झाला, आणि वळणावळणाला द्राक्षांची पेटी माझ्या मांडीवरून शेजारच्या आजोबांच्या मांडीवर जाऊ लागली. आयुष्यभर मी पिंपळगावला पॅकहाऊसमध्ये द्राक्षं परदेशी धाडली, एक मणी फुटू दिला नाही. इथे पेठपर्यंतही पेटी धड नेता येईना. आजोबांच्या पांढऱ्या लेंग्यावर हिरवट डाग पसरला.

"पावणं, घरी प्यायला न्यायचंय का खायला?" त्यांनी विचारलं.

मी माफी मागितली. त्यांनी दोन मणी तोंडात टाकले आणि माफ केलं.

पेठला मंजिरी मोटरसायकल घेऊन उभी होती. उन्हाने रापलेली, पाठीला पिशवी. माझ्या हातातली जिलबी बघून तिने फक्त एक उसासा सोडला. तो तिने आईकडून घेतलाय.

"अण्णा, आज जरा जपून हं. महत्त्वाचा दिवस आहे."

वाटेत तिने सगळं सांगितलं. पाड्यावरची सुमन, सातवा महिना. दोन महिन्यांपूर्वी तिचं हिमोग्लोबिन तपासलं तेव्हा साडेआठ भरलं होतं. आज पुन्हा तपासणी. डॉक्टर म्हणाले होते, दहाच्या वर गेलं तर बाळंतपण इथल्या जवळच्या दवाखान्यात होईल. नाही गेलं, तर नाशिकला न्यावं लागेल. सुमनने नाशिक एकदाच पाहिलेलं, तेही रडत. आणि सासू जिवलीबाई शेळ्या आणि आजारी नवरा सोडून तिच्यासोबत राहायला येऊ शकणार नव्हती. "म्हणून सगळ्यांचा जीव टांगणीला लागलाय," मंजिरी म्हणाली. "माझाही."

पाडा म्हणजे उतारावरची वीसेक घरं. खाली नागलीची (आपली नाचणी) कापून झालेली रानं, वर साग. हवेत चुलीचा धूर आणि भाजलेल्या खुरसणीचा (आपली कारळं) खमंग वास. मंजिरीने मला जिवलीबाईच्या ओटीवर बसवलं आणि ती पोरांची वजनं घ्यायला अंगणवाडीत गेली. म्हणजे मला एकटं सोडलं. चूक तिचीही आहे.

जिवलीबाई ही काटक, कमी बोलणारी डोकरी (म्हातारी). दुपार झाली तशी तिने चुलीशेजारी पाट मांडला आणि पुढे ताट ठेवलं. नागलीच्या दोन तांबूस-काळ्या भाकरी, उडदाची घट्ट डाळ, शेवग्याच्या पाल्याची भाजी, खुरसणीची चटणी, मिठातल्या आवळ्याची फोड आणि एक उकडलेलं अंडं. आता मला सांगा, मी पाहुणा. त्यातून पुरुष. त्यातून नाशिकचा. पहिलं ताट कुणाचं, हा प्रश्न मला साठ वर्षांत पडलेला नव्हता. मी उठलो, हात धुतले, पाटावर बसलो आणि अंडं एका घासात संपवलं.

जिवलीबाईने हातातली फुंकणी खाली ठेवली.

"दादा," जिवलीबाई म्हणाली, "ते ताट तुमचं नाय."

"अहो, चालेल मला! मला साधंच जेवण आवडतं."

"तुम्हाला चालंल. पोटातल्याला चालायचं नाय."

मागे कोपऱ्यात सुमन पदर तोंडावर धरून उभी होती. ती रडतेय असं वाटून मी घाबरलो. ती हसत होती. मी पाटावरून असा उठलो की डाळीची वाटी लवंडली. एवढ्यात मंजिरी दारात.

"अण्णा!"

"दुसरं अंडं असेल ना?" मी पुटपुटलो.

"कोंबडीला इचारा," जिवलीबाई म्हणाली.

पाच मिनिटांत साऱ्या पाड्याला कळलं की ताईच्या बाबाने सुमनचं अंडं खाल्लं. पाठोपाठ तीन घरांतून तीन अंडी आली आणि प्रत्येक अंड्याबरोबर मला बघायला दोन-दोन बायका. एकीने मला आपादमस्तक न्याहाळलं. "लय अशक्त दिसत्यात बिचारे," ती माझ्या पोटाकडे बघत म्हणाली.

सुमनचं ताट नव्याने वाढलं गेलं. ती जेवायला बसली, आणि तिचं होईपर्यंत घरातलं कुणीही जेवलं नाही. तिचा नवरासुद्धा ओटीवर दोरी वळत थांबला होता. मंजिरी माझ्याजवळ येऊन बसली.

"मी आले तेव्हा रंगीत तक्ते आणले होते. लोह कशात, प्रथिनं कशात. बायकांनी ऐकून घेतलं, जांभया दिल्या. मग कळलं, घरात सगळं होतंच, अण्णा. नागली, उडीद, पाला, कोंबड्या. पण सून जेवायची शेवटी. तिच्यापर्यंत भाकर आणि मीठ उरायचं. तक्त्यात ते कुठेच नव्हतं."

"मग पहिल्या ताटाची ही युक्ती तुझी?"

"छे, यांची."

जिवलीबाईने चुलीतली लाकडं मागे ओढली. "नवं धान्य घरात आलं का आधी देवाला काढावं लागं. त्याच्याआधी कोण खात नाय. म्हटलं, देव पोटात आहा (आहे), तर त्याला आधी काढू. यात काय युक्ती?"

मी गप्प बसलो. ही गोष्ट दुर्मिळ आहे, घरी विचारा.

पण गप्प किती वेळ बसणार? जेवणं उरकली तशी मी पिशवीतून नाशिकची खास चहापत्ती काढली. म्हटलं, झाल्या चुकीची भरपाई करू, सगळ्यांना फक्कड चहा पाजू. सुमनने एवढा वेळ माझ्याशी एक शब्द काढला नव्हता. आता म्हणाली, "आता नको बाबा. जेवणावर चहा घेतला का भाकरीतलं लोखंड अंगी लागत नाय. गोळीबी चहासंगं नाय घ्यायची. तासभर थांबा."

मंजिरी दुसरीकडे बघत होती. पण तिचे कान हसत होते, बापाला ते दिसतं.

तीन वाजता उपकेंद्रावर नर्सबाई आल्या. आता मला खरी धास्ती. मी मंजिरीला बाजूला घेतलं. "माझ्या त्या अंड्यामुळे काही कमी-जास्त..."

"अण्णा, रक्त एका घासाने वाढत नाही, आणि तुम्ही खाल्लेल्या एका अंड्याने कमीही होत नाही. आज दोन महिन्यांची ताटं तपासली जाणार आहेत. आणि दोन महिन्यांच्या गोळ्या. त्या एकदाही चुकवल्या नाहीत तिने."

बोटाला सुई टोचली. जिवलीबाई आत गेलीच नाही. बाहेर दगडावर बसून ती जमिनीवर काडीने उभ्या रेघा मारत राहिली. मी शेजारी उभा होतो. आत नर्सबाई काहीतरी म्हणाल्या, मग मंजिरी बाहेर आली.

"दहा पूर्णांक दोन."

जिवलीबाईला तो आकडा कळला की मंजिरीचा चेहरा, ठाऊक नाही. तिने काडी टाकली, उठली, मंजिरीचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. मग माझ्याकडे वळली. "दादा, अशी पोर कशी केली तुम्ही?"

मी काय केलं होतं? "तात्पुरतं आहे" म्हणालो होतो.

गोळ्या पुढेही चालूच ठेवायच्या, असं मंजिरीने सुमनला तीनदा बजावलं. माझी जिलबी पोरांत वाटली गेली, फुटकी द्राक्षंही. मला मात्र जिवलीबाईने मोड काढून, भाजून दळलेलं नागलीचं पीठ बांधून दिलं, "अशक्त हायत म्हणून".

परतीच्या एसटीत मांडीवर ते गाठोडं आणि डोक्यात एक विचार. दिंडोरीपासून पिंपळगावपर्यंत कुठल्याही बागेच्या बांधावरून जाताना मी सांगू शकतो, या वेलीला लोह कमी पडलंय. कोवळं पान पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक मला मुद्दाम बोलवायचे पानं बघायला. आणि घरात शैला, माझी बायको, वर्षभर जिन्यावर मध्येच थांबते, तर मी म्हणतो, वय झालं.

घरी पोहोचलो तेव्हा ती भाकरी थापत होती. मी आधी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघायला गेलो. मंजिरीला तसं बघताना पाहिलं होतं. तिने पिठाच्या हाताने चापट मारली.

"उद्या रक्त तपासायला जायचं," मी म्हणालो. "आणि शेजारीपाजारी सगळ्यांना सांगायचं, मंजिरी पेठला कायमची आहे."

"जिलबी जास्त झालीय का?"

मी ताट घेतलं, भाजी वाढली, तव्यावरची पहिली भाकरी त्यात ठेवली आणि ते तिच्यासमोर सरकवलं. उरलेल्या भाकऱ्या मी थापतो म्हणालो. माझी पहिली तुटली, दुसरी तव्याला चिकटली. शैला ताटासमोर बसली होती, पण तिला जेवता येईना. पस्तीस वर्षांत कुणी उभं असताना ती जेवली नव्हती. शेवटी तिने सवयीने भाकरी मोडली, मोठा अर्धा तुकडा उचलला आणि माझ्यासाठी बाजूला काढायला हात लांबवला.

"ते ताट माझं नाही," मी म्हणालो.