अंबाडीच्या पाच कुंड्या

ऑगस्टमधला शनिवार, सकाळचे दहा. रक्कम एकशे वीस युरो, गॅलरीच्या पाहणीची फी, आमच्याकडून. हजर चौघं: हाउसफरवाल्टुंगचे, म्हणजे इमारतीचा कारभार बघणाऱ्या कचेरीचे, एक गृहस्थ, खालच्या मजल्यावरच्या तक्रारदार बाई, माझी बायको आणि मी. जागा जर्मनीत, इंगोलश्टाटमधलं आमचं भाड्याचं घर.

तक्रार अशी की आमच्या गॅलरीत गांजाची पाच झाडं आहेत. होती अंबाडी, बायकोने माहेराहून आणलेल्या बियांची. पानं मात्र खरंच तशी, पंजासारखी कापलेली. बायकोचा नागरिकत्वाचा अर्ज तेव्हा विचाराधीन होता, आणि पोलिसांत प्रकरण गेलं की चौकशी संपेपर्यंत असा अर्ज अडकून राहतो. गृहस्थ म्हणाले, "खात्री पटली नाही तर मला पोलिसांना कळवावं लागेल."

पुढची चूक माझी. गांजाला मर्यादेत परवानगी देणारा नवा कायदा आला तेव्हा मी तो कुतूहलाने अख्खा वाचला होता. घरी झाडं किती, वाळवलेला माल किती ग्रॅम, शाळेपासून अंतर किती मीटर. आमच्या बायर्न राज्याला तो मुळीच पसंत नाही, पण इतकं मोजूनमापून लिहिलेलं मला आवडलं होतं.

मी म्हणालो, "प्रत्येक सज्ञान माणसाला तीन झाडं चालतात. आम्ही दोघं, म्हणजे सहा. इथे पाचच आहेत."

"आल्झो, म्हणजे कबूल केलं तर!" बाई म्हणाल्या.

"अहो, हिशेब कसले मांडताय?" बायको मराठीत कडाडली. "भाजी आहे म्हणून सांगा ना!"

"भाजी आहे ही," मी म्हणालो. "आंबट लागते. खाऊन बघा."

गृहस्थांनी हात मागे घेतला. "नको, मला गाडी चालवायची आहे."

मी दोन पानं चावून खाल्ली.

"यातून काय सिद्ध झालं?" बाईंनी विचारलं. प्रश्न रास्त होता.

शेवटी बायकोने कोपऱ्यावरच्या रोपवाटिकेच्या म्हाताऱ्या मालकीणबाईंना फोन करून बोलावलं. त्यांनी पान उलटं केलं. गांजाच्या पानाची पाती सुटी असतात, ही देठापाशी जोडलेली आहेत, असं त्यांनी बोट फिरवून दाखवलं. खोडावरचे बारीक काटे दाखवले, पान चुरगळून हुंगलं आणि म्हणाल्या, "हे जास्वंदीच्या कुळातलं." मग एक पान तोंडातही टाकलं. त्यांनी हे सगळं लिहून सही केली. ते वाचून, पोलिसांना काही कळवणार नाही, असं गृहस्थांनी त्याच कागदाखाली लिहिलं. बायकोने तो स्वतःच्या अर्जाच्या फाइलीत लावला.

पाहणीची फी रद्द झाली. मालकीणबाईंना मी चाळीस युरो रोख दिले, पावती घेऊन.