माहेरच्या वांग्याचं बी

माझी सगळी नोकरी एसटीत तिकिटं तपासण्यात गेली. समोरचा खिसे चाचपू लागला की तो आता थाप मारणार, हे मला त्याच्या आधी कळायचं. ही सवय निवृत्तीबरोबर सुटेल असं बायकोला वाटलं होतं. सुटली तर नाहीच, रिकामपणात उलट वाढली.

शेवगावच्या अलीकडे आमचं दोन एकर रान आहे. तिथं पत्र्याच्या दोन खोल्या बांधून आम्ही राहायला गेलो. बाजारातल्या भाजीवर माझा काडीचा विश्वास नव्हता, म्हणून आपलं आपण पिकवायचं आणि विकतचं औषध रानात शिरू द्यायचं नाही, असं ठरवलं. जीवामृत करायला मोबाईलवर बघून शिकलो. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती. बेसनात वाटाण्याचं पीठ मिसळतात असं ऐकून होतो, तेव्हा हरभऱ्याची डाळ घरीच दळली. घोडेगावच्या बाजारात गाय घेताना तिचे दात तीनदा मोजले. शेवटी विकणारा वैतागला, "दादा, गाय घ्यायचीय का तिचा पंचनामा करायचाय?"

बायकोकडे एका पुरचुंडीत वांग्याचं बी होतं. हिरवं, काटेरी वांगं. तिची आई दरवर्षी एक फळ झाडावरच पिकू द्यायची आणि बी राखायची. आई गेली, भावानं परसात गाड्या लावायला फरशी घातली आणि त्या वांग्याचं जगात उरलं ते एवढंच, तेही जुनं झालेलं. ते उगवतंय की नाही या धास्तीनं तिला झोप लागेना. तिनं सगळं एकदमच पेरलं. वीस-बावीस रोपं जगली. मग रोज सकाळी चहाच्या आधी ती त्यांच्यापाशी जाऊन बसायची.

बांधापलीकडे शेजाऱ्याचा ऊस. माणूस कमी बोलणारा, आणि कमी बोलणारी माणसं मला कधीच सरळ वाटली नाहीत. जीवामृत फवारायला मी त्याच्याकडे पंप मागितला, तर त्यानं एक जुनाट, गळका हातपंप पुढे केला. "भाजीला ह्योच न्या," म्हणाला. शेडमध्ये खुंटीला बॅटरीचा नवा कोरा पंप लटकत होता, त्याच्या पट्ट्याला लाल चिंधी बांधलेली. म्हणजे चांगला स्वतःला ठेवून मला भंगार, आणि वर त्याला दृष्ट लागू नये म्हणून चिंधी! तरी तो गळकाच घेऊन आलो. त्या दिवशी माझी पाठ जीवामृतानं भिजली.

पुढच्या खेपेला त्यांच्या घरी कुणी नव्हतं. मी नवा पंप उचलला, दोनदा विसळला, आमच्या वांग्यांवर फवारलं आणि दुपारच्या आत पुन्हा खुंटीला लावून आलो. जन्मभर फुकट्यांना पकडलं, पण यात मला काही वावगं वाटलं नाही.

आठवड्याभरात वांग्यांचे शेंडे वळले. पानं आवळून दोरीसारखी झाली, खोडं पिळवटली. बायको एक पान हातात घेऊन बसून राहिली. मी फोटो काढून गावच्या कृषी सहायकाला पाठवला. त्याचं उत्तर आलं, तणनाशक लागलंय.

शेजाऱ्यानं नुकतंच उसात तणनाशक मारलं होतं. मला तेवढं पुरे होतं. मी त्याच्या दारात जाऊन इतका ओरडलो, की डेअरीवर दूध घेऊन निघालेली माणसं रस्त्यात थांबली. "आमचं चांगलं बघवत नाही का तुम्हाला?"

"वारं तुमच्याकडनं हुतं दादा," तो म्हणाला. "आमचं तिकडं कसं यील?"

"मला शिकवू नका. तुमच्यासारखे छप्पन्न जण मी गाडीतून खाली उतरवलेत."

त्याची बायको दारात उभी होती. तो आणखी काही न बोलता आत गेला. गप्प बसला म्हणजे कबूलच झालं, असं मी घरी येऊन सांगितलं. बायकोनं विचारलं, "तुम्ही पाहिलंत त्यांना फवारताना?" मी म्हणालो, पाहायला कशाला हवं.

दहा-बारा दिवसांनी मी स्वतःचा पंप घ्यायला शेवगावात गेलो. दुकानदारानं विचारलं, "तणनाशकाला पायजे का भाजीला?"

"दोन्हीला एकच चालत नाही?"

"न्हाई काका. तणनाशक एकदा टाकीत गेलं की किती बी विसळा, थोडं ऱ्हातंच. वांगी, कापूस, समदं आवळून जातं. घरटी दोन पंप असत्यात. तणनाशकाच्या पंपाला चिंधी बांधायची, मंजी कुनी चुकत न्हाई."

पंप न घेताच मी परत आलो. वांगी एव्हाना वाळून गेली होती. बायकोला सगळं सांगितलं, न विचारता पंप नेल्याचंसुद्धा. ती म्हणाली, "चार रोपं मी शेजारच्या वहिनींना दिली होती. त्यांच्या परसात आहेत. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही लगेच विचारलं असतं की त्यांना कशाला हवीत."

मला इतकं हायसं वाटलं की शरम बाजूलाच राहिली. आम्ही तसेच निघालो. शेजाऱ्यापुढे मी हात जोडले आणि पंपाचं सांगितलं.

"चिंधी दिसली न्हाई व्हय?" तो म्हणाला.

"दिसली. मला दृष्टीची वाटली."

तो चक्क हसला. मग बायकोनं वहिनींना वांग्याच्या रोपांचं विचारलं.

"न्हाई ऱ्हायली ताई. भाऊजी भांडून गेलं, त्याच सांजंला उपटली म्या. फुलावर आल्ती. पर म्हनलं, उद्या त्यांच्या नजरंला पडली, तर म्हनतील रोपं बी आमीच चोरली."

बायको तिथंच उंबऱ्यावर बसली. वहिनी तिच्याजवळ बसल्या आणि दोघी रडू लागल्या. मी अंगणात उभा होतो. मला कुणी बसा म्हणालं नाही, आणि जा असंही कुणी म्हणालं नाही.