लोकरीला विटाळ नसतो

कोणी आपल्या घराण्याचा मोठेपणा सांगू लागलं की अक्काला खोकला यायचा. खरा खोकला नव्हे. डॉक्टरांनी छाती तपासून तसं सांगितलंही होतं. पण बोलणारा माणूस 'आमचे पूर्वज' इथपर्यंत पोचला की स्वयंपाकघरातून एक कोरडा ठसका ऐकू येई आणि त्याचं पुढचं वाक्य आपोआप लहान होई. तंजावरच्या आम्हा मराठी घरांत पूर्वजांचा तुटवडा नाही, त्यामुळे अक्काचा खोकला बारमाही होता.

सर्वांत जास्त ती तात्यांपुढे खोकत असे. तात्या माझे चुलते आणि तिचे धाकटे भाऊ. अक्का म्हणजे माझी आत्या. तरुणपणीच विधवा होऊन ती माहेरी परत आली होती, आणि तात्यांची बायको गेल्यावर घर सगळं तिच्यावर पडलं. मी वरच्या खोलीत राहायचो आणि एका कॉलेजात शिकवायचो. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर तात्यांनी पहिलं काम केलं ते दारावर देवनागरी अक्षरांची संगमरवरी पाटी लावण्याचं. गल्लीत ती अक्षरं वाचणारे दोघेच, तात्या आणि मी. अक्काला मराठी बोलता येई तेवढी. स्तोत्रंसुद्धा ती तमिळ लिपीत उतरवून घेई. पोस्टमन नवा होता. तो पाटीकडे आदरानं बघून पुढे निघून जाऊ लागला.

"पत्रं का येत नाहीत हल्ली?" तात्यांनी विचारलं.

"पूर्वजांना पत्ता कळला ना? पुरे की," अक्का म्हणाली.

पापनाशमच्या एका लग्नाहून लोक नारळ आणि विड्याची पानं घेऊन परतले. अक्का तेही घेऊन आली, पण तिच्या वायरच्या विणलेल्या टोपलीत नारळाशेजारी एक पिल्लू होतं. मांडवामागे उष्ट्या केळीच्या पानांचा ढीग पडतो, तिथे ते सापडलं होतं. मातकट रंगाचं, पोट तेवढं फुगलेलं.

"पावम्, बिचारा! एवढी पंगत उठली आणि हा एकटा उपाशी," ती म्हणाली.

"कुत्रं? आपल्या घरात?" तात्या झोपाळ्यावरून उठले. "राजवाड्यात कुत्री असत, ती शिकारी. हे रस्त्यावरचं आहे."

"आणि आपण कुठले रे?"

तात्यांच्या म्हणण्याप्रमाणे आमचे एक पूर्वज दरबारात मंत्री होते. अक्कानं तिच्या आजोबांकडून ऐकलेली हकिकत अशी, की ते राजवाड्याच्या कोठारात भात मोजायचे आणि मापात चुकायचे. पिल्लाचं नाव तिनं 'मंत्री' ठेवलं. तात्या दोन वेळा न जेवता उठले. अक्कानं खुलासा केला, "दिवसभर झोपतो, जेवायला सगळ्यांच्या पुढे, आणि काम निघालं की दिसत नाही. दुसरं काय नाव ठेवू, तूच सांग."

अक्का घरात सगळ्यांची होती, पण त्या घरात तिचं असं काही नव्हतं. कपड्यांची ट्रंकसुद्धा तिच्या आईची. तिच्या पावलांमागे पावलं टाकत, ती थांबली की थांबणारं असं हे पहिलंच कोणीतरी. त्याला ती रागावायची तेही हळू आवाजात, कोणाला ऐकू जाऊ नये असं. मी एकदा जिन्यात उभा राहून ऐकलं. "मंत्री, तुला लाज आहे का? परक्याच्या घरात असं राहतात?" असं ती त्याला विचारत होती.

आणि मग पिसवा झाल्या. तात्यांची नेसायची वेष्टी नेहमी दुधासारखी पांढरी, त्यामुळे त्या तिच्यावर प्रथम दिसल्या: काळे ठिपके, बोट नेईपर्यंत दुसरीकडे गेलेले. तात्यांनी झोपाळ्यावर बसून निकाल दिला. बाबांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं, श्राद्ध तोंडावर आलं होतं. त्या दिवशी घरात एक जरी पिसू दिसली, तर कुत्रं जाईल.

"सरि, ठरलं," अक्का म्हणाली.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पिल्लाच्या मानेवर घालायचं औषध दिलं आणि सांगितलं, की कुत्र्यावर दिसतात त्या थोड्या; अंडी आणि अळ्या घरात असतात, चटयांत, कापडांत, फरशीच्या फटींत. घरातलं प्रत्येक कापड गरम पाण्यातून काढा, नाहीतर सगळं फुकट. अक्का कामाला लागली. सकाळी मंत्रीला मांडीवर घेऊन बारीक दातांच्या फणीनं विंचरायची आणि फणी साबणाच्या पाण्यात बुडवायची. गवती चटया गच्चीच्या उन्हात टाकायची. उशांचे अभ्रे, पडदे, माझी सतरंजी, सगळं तांब्याच्या हंड्यात उकळलं. फरशीच्या सांध्यांतली धूळ तिनं झाडूच्या काडीनं उकरून काढली. मग माझे पांढरे मोजे पायांत चढवून ती खोल्याखोल्यांतून फिरायची आणि प्रत्येक खोलीत पाय वर करून बघायची. सत्तरीची बाई कॉलेजच्या मास्तराचे मोजे घालून घरभर गस्त घालते आहे, हे दृश्य बघून दूधवाली दाराशीच बसून हसली.

हळूहळू मोजे पांढरे राहू लागले. फक्त देवघराच्या उंबऱ्याशी गेलं की त्यांच्यावर ठिपके उडत.

देवघरात एका पाटावर तात्यांची लोकरीची धाबळी घडी करून ठेवलेली असे. ती नेसून ते पूजा करत. सोवळ्यासाठी सुती धोतर रोज धुवून वाळवावं लागतं. लोकर मात्र मुळातच शुद्ध, ती धुवायची नसते. सोवळ्याशिवाय तिला कोणी हात लावत नसे. दुपारी घर झोपलं की मंत्री जाऊन नेमका तिच्यावर झोपतो, हे अक्कानं पाहिलं होतं. ते तिनं मला सांगितलं. तात्यांना सांगितलं असतं तर श्राद्धाची वाट बघायची गरजच उरली नसती.

"तात्या, धाबळी एकदा गरम पाण्यातून काढून देते रे."

"धाबळी धुतात? लोकरीला विटाळ नसतो अक्का, हे मी तुला सांगायचं?"

"विटाळ नसेल. पिसू असेल."

"सोवळ्यात पिसू कशी येईल?"

"आंघोळ करून नाही येत. उडी मारून येते."

"थट्टा पुरे," तात्या म्हणाले. शास्त्र त्यांच्या बाजूचं होतं. अक्कानं आणखी एकदा सांगून पाहिलं, मग अजून एकदा. तात्यांनी पाट उचलून देव्हाऱ्याजवळ सरकवला.

श्राद्धाचा स्वयंपाक सोवळ्यात करायचा, आणि तो इतकी वर्षं अक्काच करत आली होती. ब्राह्मण जेवून उठेपर्यंत तिनं सोवळ्याबाहेरच्या कशालाही शिवायचं नाही, नाहीतर सगळं अन्न टाकून द्यायचं. पहाटे तिनं मंत्रीला मागच्या अंगणात बांधलं, पाण्याची वाटी ठेवली आणि आंघोळीला गेली. तात्या धाबळी नेसून बसले. संकल्पाच्या मध्येच त्यांचा हात मांडीकडे गेला. मग शेजारी बसलेल्या गुरुजींचा पोटरीकडे गेला. पंगत सुरू झाली तरी गुरुजी एका हातानं जेवत होते आणि दुसऱ्यानं खाजवत होते. "पूच्ची, किडा आहे काहीतरी," असं ते अगदी सौम्यपणे म्हणाले. तात्यांचा चेहरा उतरला. बाहेर तिरुवैयारुकडचा एक नारळवाला मोपेडवरून पानं आणि नारळ उतरवत होता. तात्या उठून त्याच्याशी काही बोलले, आणि तो मागच्या अंगणात गेला.

अक्का हातात पायसाचं भांडं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली तेव्हा मंत्री तिच्याच वायरच्या टोपलीत होता. तिला बघून तो शेपूट हलवू लागला. सगळी टोपली हलायला लागली. मी तात्यांना म्हणालो, "आत्ता नको, संध्याकाळी बघू." तात्या म्हणाले, "ठरलं होतं." अक्का दोन पावलं पुढे आली आणि थांबली. ती शिवली असती तर वडिलांचं श्राद्ध मोडलं असतं, हे तिला ठाऊक होतं. तात्यांनाही ठाऊक होतं. मोपेड गेली. अक्का वळली आणि गुरुजींच्या पानावर पायस वाढलं. "अजून घ्या," असंही म्हणाली.

कुत्रं गेल्यावर पिसवा वाढल्या. ज्याचं रक्त प्यायच्या तो गेला, मग त्या आम्हाला प्यायला लागल्या. तात्यांना पूजेच्या वेळी सर्वांत जास्त चावत. त्यांच्या पायांवर लाल गांधी उठल्या. त्यांनी त्वचेच्या डॉक्टरकडे जाऊन मलम आणलं आणि आहारात वांगं बंद केलं. एका सकाळी ते आंघोळ करून आले तर पाट रिकामा.

"माझी धाबळी?"

"शिजतेय," अक्का म्हणाली.

परसात हंडा उकळत होता. तिनं ती चिमट्यानं उचलून आत टाकली होती आणि वर काठीनं दाबत होती. पाण्यावर काळा तवंग आला होता. तात्या हंड्यापाशी उभे राहिले, आत बघितलं, आणि घरात गेले. धाबळी आटून टॉवेलाएवढी झाली. थोड्याच दिवसांत घरात एक पिसू उरली नाही. त्यानंतर आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तात्या सांगत, कुत्रं काढलं आणि पिसवा गेल्या.

घर निर्मळ झालं त्या आठवड्यात अक्का नवी टोपली घेऊन तिरुवैयारुच्या बसमध्ये बसली. मी बरोबर गेलो. गाव त्याच्याही पुढे, कालव्याच्या कडेला. नारळवाल्यानं आम्हाला बघून बायकोला हाक मारली, आणि ती आली तरी बोलणं त्यालाच भाग पडलं. पिल्लू तिथे राहीना. बस आली की रस्त्यावर धावायचं, उतरणारी माणसं हुंगायचं. एका बसखाली गेलं. "काय करणार अम्मा," तो म्हणाला, आणि लाजेनं तिच्या टोपलीत चार शहाळी ठेवली.

परतीच्या वाटेवर टोपली तिच्या मांडीवर होती. घरी तात्यांनी एक शहाळं फोडून घेतलं आणि गोड आहे म्हणाले. मी त्यांना काय झालं ते सांगितलं. ते म्हणाले, "अरेरे. हवं तर दुसरं आणू, चांगल्या जातीचं."

"नको," अक्का आतून म्हणाली. "घर स्वच्छ आहे आता."

पुढल्या वर्षी श्राद्धाच्या सकाळी अक्का रोजचं लुगडं नेसून बाहेर ओट्यावर तमिळ पेपर वाचत बसली. तात्यांनी दारातून हाक मारली, "अक्का, आज बाबांची तिथी. सोवळ्यात यायचं ना?" तिनं पान उलटलं. "मला नाही जमायचं," ती म्हणाली, "तू माणूस बघ." तात्यांनी कुंभकोणमहून आचारी बोलावला, आणि तेव्हापासून दर वर्षी बोलावला. रोजचा स्वयंपाक ती करी, त्यांच्या गोळ्या वेळेवर देई, आजारपणात त्यांच्या उशाशी बसे. पण सोवळं ती पुन्हा नेसली नाही, आणि देवघराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. तात्यांनी कारण विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं.

मागच्या पोंगलनंतर ती गेली. दिवसकार्य आटोपलं, नातेवाईक पांगले, आणि एका सकाळी तात्या झोपाळ्यावर बसून मला म्हणाले, "अक्का माझ्यावर रागावली होती का रे?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी पायानं झोपाळा थांबवला. "कुत्र्यासाठी?"

"कुत्र्यासाठी म्हणा."

आणखी विचारतील म्हणून मी थांबलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. पूजेला उशीर होत होता. ते उठले आणि आंघोळीला गेले.