अण्णांची पुठ्ठ्याची टोकनं

अण्णांच्या पिंडाला कावळा शिवत नव्हता, आणि त्याला मीच जबाबदार आहे याबद्दल नदीकाठी जमलेल्या मंडळींत एकमत होतं.

मुंडण केलेलं डोकं खाली घालून मी एकेक वचन देत होतो. "अण्णा, आईला सांभाळीन." कावळ्याने मान फिरवली. "अण्णा, वकिलीची परीक्षा देईन." कावळा वरच्या फांदीवर गेला. (त्याचाही विश्वास बसला नसावा.)

"त्या डब्याचं बोल," आत्या मागून म्हणाली.

डब्यात अण्णांची टोकनं होती. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत चिल्लर गायब झाली, तेव्हा इंदूरचे दुकानदार सुट्ट्या पैशांऐवजी आपल्या शिक्क्याचे पुठ्ठ्याचे तुकडे देत. लोक पुढच्या खेपेला त्यांवर चहा, पान, कचोरी घेऊन मोकळे होत. अण्णा मात्र ते जपून ठेवत, आणि रविवारी आम्ही दोघं ते पाटावर मांडून बसत. लढाई संपली, संस्थान जाऊन मध्यभारत आला, तरी आमचा पाट चालूच. अण्णांचं मला तेवढंच हवं होतं.

"दुकानदारांकडे येणं राहिलंय, त्यात जीव अडकलाय त्याचा," आत्या म्हणाली. "टोकनं वसूल करतो म्हण. फटाफट."

"गुरुजी, दर्भाचा कावळा करता येतो ना?" मी हळूच विचारलं.

"माझ्या भावाला गवताचा कावळा?" आत्याने पदर खोचला आणि पिंडाकडे वळली. "दादा, सगळी टोकनं वसूल करील हा. मी उभी राहून करवीन."

कावळा सरळ पिंडावर येऊन बसला.

दुसऱ्या दिवशी आत्याने मला डब्यासकट कचोरीवाल्यासमोर उभं केलं. वापरलेलं टोकन तो तिथल्या तिथे भट्टीत टाकी. मी डबा छातीशी घट्ट धरला.

कचोरीवाल्या शेठजींनी एक टोकन उलटंपालटं करून पाहिलं. "अपना ही है. पण रोकड़ा नी मिलेगा भिया, टोकन पे माल ही देते हैं. गरम निकालूँ?"

"तेराव्यापर्यंत आम्ही बाहेरचं खात नाही," मी एका दमात म्हणालो.

"घरी बांधून घे," आत्या म्हणाली.

"तेराव्यापर्यंत घरात तळण आणायचं नाही, हे तूच सांगितलंस ना?"

आत्याने खोचलेला पदर सोडला. (हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.)

"तो फिर तेरवीं के बाद आना," शेठजींनी टोकन माझ्या हातात परत ठेवलं. "जब खाओगे, तब लेंगे."

चहावाला आणि पानवालाही हेच म्हणाले. पण आत्या खमकी. तिने रस्त्यातच माझ्याकडून शब्द घेतला, की यापुढे या दुकानांतून जे घेशील ते आधी टोकन देऊन घेशील.

तो शब्द मी अक्षरशः पाळतो आहे. कचोरी सोडली, चहा सोडला, पान सोडलं; डब्यातलं एकही टोकन कमी झालेलं नाही. गल्लीतले लोक मला विरक्त समजतात, आणि तळणाचा वास आला की माझे डोळे भरून येतात, त्याला पितृशोक म्हणतात.