हिल्डाबाईंच्या मंडळाची प्रार्थना

१९८४च्या ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळी माझ्या धाकट्या भावाने, श्रीधरने, अमेरिकेतल्या डब्लिन गावाहून गाडी काढली. मागे मी आणि त्याच्या शेजारीण हिल्डाबाई. सत्तरी ओलांडलेल्या, पण चालायला लागल्या की आमचीच दमछाक. श्रीधरची ताई पुण्याला शाळेत जर्मन शिकवते हे कळल्यापासून त्यांनी माझी पाठ सोडली नव्हती.

कापणी झालेल्या मक्याच्या शेतांमधून तासाभराने त्यांचं गाव आलं. चार रस्ते, एक चर्च आणि जर्मनीहून आलेल्या पूर्वजांनी बांधलेलं विटांचं सभागृह. ते जपायला गावकऱ्यांनी जर्मन वारसा मंडळ काढलं आहे; त्या दिवशी मंडळाचं जेवण होतं. आपल्याकडच्या मंडळांत जे जे होतं ते सगळं इथेही चालू होतं. माइक खरखरत होता, खुर्च्या कोणी लावायच्या यावरून दोघांची जुंपली होती आणि अध्यक्ष हिल्डाबाई दोघांवरही डाफरत होत्या. मला अगदी घरच्यासारखं वाटलं.

खुर्च्या लागल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"दारावर दगडी पाटी बसवायचीय. आमची जेवणाआधीची प्रार्थना कोरायची, खाली इंग्रजी अर्थ. तो आज तुम्ही सगळ्यांना सांगायचा. माझ्या पपांनी मला शिकवली, मी मंडळाला."

"त्यांनी अर्थ नाही सांगितला?"

"मी बोलायला लागले तेव्हा पहिलं महायुद्ध चालू होतं. जर्मन शब्द कानावर पडला तरी लोक अंगावर यायचे. सगळ्या गावाने भाषाच टाकली, पपांनी एवढी प्रार्थना ठेवली. म्हणताना डोळे पुसायचे. एवढी श्रद्धा मी कुणाची पाहिली नाही."

टेबलांवर सावरक्राउट (आंबवलेला कोबी), सॉसेजेस आणि बटाट्याचं सॅलड मांडलं होतं. शाकाहारी म्हणून मी बटाटे वाढून घेतले, तर त्यातही डुकराचे तुकडे निघाले. मी गुपचूप पावाकडे वळले. तेवढ्यात सगळे उठले, माना खाली घातल्या आणि गाऊ लागले.

दुसऱ्याच ओळीला मी कान टवकारले. देवाचं नावच नव्हतं कुठे. ती अंगाई होती.

गाणं संपलं. सगळे माझ्याकडे बघत होते. काहीतरी गोड थाप मारावी असं फार वाटलं, पण ती थाप दगडात कोरली जाणार होती. मी खरं तेच सांगितलं. "गाई गोठ्यात आल्या, आईचं काम आवरलं, नीज आता बाळा, दिवा मी मालवते. एवढंच आहे. ही अंगाई आहे."

"म्हणजे इतकी वर्षं जेवायच्या आधी आम्ही स्वतःला झोपवतोय?" कोणीतरी म्हणालं आणि सभागृह हसायला लागलं. हिल्डाबाई हसल्या नाहीत. त्या मटकन खाली बसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पपा बारा वर्षांचे असताना एकटे बोटीत बसले," त्या म्हणाल्या. "काकाकडे आले. त्यांची आई त्यांना पुन्हा दिसली नाही." मग त्या उठल्या. "अर्थ आहे तसाच कोरायचा. आणि आता पुन्हा म्हणायचं."

"प्रार्थना नाही ना ती?" मघाशी हसलेल्यांपैकी एक जण म्हणाला.

"मान खाली घाल," हिल्डाबाई म्हणाल्या. "त्यांच्या आईसाठी."

सगळ्यांनी घातल्या. मीही घातली, आणि मला रडू आलं.

परतीच्या वाटेवर हिल्डाबाई खिडकीबाहेर बघत तीच अंगाई पुटपुटत होत्या. संध्याकाळी श्रीधरच्या घरी पानं वाढली. त्याच्या आठ वर्षांच्या नेहाने हात जोडले, जेवणाआधीचा श्लोक एका दमात म्हटला आणि चमचा उचलला. एरवी मी तिचं कौतुक केलं असतं.

"नेहा, याचा अर्थ माहितीय तुला?"

तिने माझ्याकडे नवलाने पाहिलं. "नो, आत्या. त्याला मीनिंग असतं?"

वरण गार होईपर्यंत मी तिला पहिली ओळ समजावत होते.