टाळ विरघळले

आत्याकडे सात कॅसेटी होत्या, साठ-साठ मिनिटांच्या. त्यांत पुलगावच्या एका भजन मंडळाचं गाणं होतं आणि त्या मंडळात पुढं बसून गायचे ते माझे आतोबा. आतोबा कापसाच्या मिलमध्ये कामाला होते. पाळी सुटली की अंघोळ करून सरळ मंडळात. नव्वदच्या आसपास कोणीतरी टेपरेकॉर्डर आणला, सतरंजीच्या मधोमध ठेवून लाल बटण दाबलं, आणि तीन-चार वर्षांत या सात कॅसेटी जमल्या.

नंतर आतोबा नदीत गेले. मंडळ काठावरच्या देवळात भजनाला गेलं होतं. दुपारची वेळ. भजन रंगात असताना आतोबा उठले, हातपाय धुवायला खाली उतरले आणि डोहाच्या बाजूला त्यांचा पाय सरकला. ते ओरडले असतीलच. पण वर दहा-बारा जोड टाळ वाजत होते. भजन संपलं तेव्हा काठावर फक्त त्यांच्या चपला होत्या.

हे मला वडिलांनी सांगितलं होतं. आत्या त्यांची मोठी बहीण. तिनं स्वतः या विषयावर कधी तोंड उघडलं नाही, आणि पुलगावात राहूनही ती पुन्हा नदीकडे फिरकली नाही.

दोन हजार चार-पाचची गोष्ट असेल. मी सिंदी मेघेच्या आमच्या घरात लग्नपत्रिका आणि दुकानांची बिलबुकं टाइप करून द्यायचं काम करायची. समोरच्या खोलीत कॉम्प्युटर, बाजूला प्रिंटर, आणि लाइट कधी जाईल त्याचा नेम नाही. एका रविवारी वडील पुलगावहून पिशवी घेऊन आले. आत्याच्या टेपरेकॉर्डरनं एका कॅसेटीची फीत गिळली होती. ती पेन्सिलीनं गुंडाळून कशीबशी वाचवली होती. म्हणाले, "तुह्या कॉम्प्युटरात घेता येतेत का पाह्य. तिच्याजवळ दुसरं काई नाई."

शेजारून टेप आणला, वायर जोडली आणि आठवडाभर रोज एक कॅसेट कॉम्प्युटरात घेतली. कॅसेट जितका वेळ वाजेल तितकाच वेळ लागतो, त्यात घाई करता येत नाही. मी पत्रिकेची अक्षरं जुळवत बसायची आणि बाजूला आतोबा गात असायचे. आवाजाच्या दर्जाचा आकडा एकशेअठ्ठावीस ठेवला (आकडा जितका मोठा, तितका आवाज स्वच्छ आणि जागा जास्त), आणि सगळं एका सीडीवर मावलं. वायर काढून टेप परत दिला.

पण आत्याकडे सीडी वाजवायला काही नव्हतं, आणि लोडशेडिंगमुळे दिवसाचा अर्धा वेळ वीज नसायची. म्हणून मी नागपूरहून एक प्लेअर आणला. सिगारेटच्या लायटरएवढा, एका बारक्या सेलवर चालणारा. जागा १२८ एमबी. हिशेब केला तर जेमतेम दोन तासांचं गाणं मावत होतं. आत्याला फोनवर विचारलं, यातली कोणती ठेवू?

"सगळी ठेव," ती म्हणाली. "एकही सोडू नको."

सगळी ठेवायची तर आकडा खाली आणावा लागणार होता. चौसष्टनं भागत नव्हतं. बत्तीसवर आणल्यावर सातही कॅसेटी मावल्या. कॉम्प्युटरच्या डबड्या स्पीकरवर थोडं ऐकलं, जरा घोगरं वाटलं, बाकी ठीक होतं. वडिलांच्या हाती प्लेअर पाठवून दिला.

आठेक दिवसांनी आत्याचा फोन आला. "तू काय केलं व कॅसेटीईले?"

"काऊन? चालत नाई का?"

"चालून राह्यलं. तू ये एकदा."

मी दुपारच्या पॅसेंजरनं गेले. आत्या अंगणात खाटेवर बसली होती. पदराआडून कानापर्यंत वायर गेलेली. तिचे ओठ हलत होते. आधी वाटलं भजन म्हणते आहे. जवळ गेले तेव्हा कळलं की ती बोलत होती. "मंग?" असं विचारत होती. "मंग काय केलं तुमी?"

मला पाहून तिनं इअरफोनची एक गुंडी काढून माझ्या कानात घातली. मी पहिल्यांदाच ते नीट, कानाशी ऐकत होते. टाळ नव्हते. म्हणजे ठेका होता, पण प्रत्येक ठोक्याला टाळांची ती खणखण यायच्या जागी पाणी हलल्यासारखा आवाज येत होता. चुळचुळ, मग बुडबुड, पुन्हा चुळचुळ. पेटीसुद्धा त्यात विरघळली होती. आणि त्या सगळ्याच्या खालून आतोबा गात होते. स्वर बरोबर, शब्द बरोबर, पण तोंडावरून पाणी वाहत असताना माणूस गाईल तसं.

"टाळ गेले ना?" आत्या म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. उलट खूप दिवसांनी पोटभर जेवल्यासारखी दिसत होती. "आता ऐकू येते."

मी घाईघाईनं समजवायला लागले. जागा वाचवायसाठी कॉम्प्युटर आवाज बारीक करते. माणसाच्या कानाले जे ऐकू येणार नाई, ते काढून टाकते. त्यानं असं होते.

"काय ऐकू येत नाई, हे कोण ठरवते?"

"तेच ठरवते. सॉफ्टवेअर."

"यायचं, तुह्या आतोबाचं, ओरडणं कोणाले ऐकू नाई आलं," ती म्हणाली. मग बटण दाबून पाचव्या कॅसेटीतलं एक भजन लावलं. "आता ऐक. दुसऱ्या कडव्यानंतर."

कडवं संपलं. मंडळ श्वास घ्यायला थांबलं. त्या एका क्षणात, पाण्याच्या आवाजामागून, आतोबा काहीतरी बोलले. गाण्यातलं नव्हतं ते.

"'आलो' म्हणतेत," आत्या म्हणाली. "जेवाले हाक मारली का असेच म्हणायचे. आलो."

मी पुन्हा लावायला सांगितलं. तिनं लावलं. मला 'आलो' ऐकू येत नव्हतं. मला स्पष्ट 'ये' ऐकू येत होतं. लांबवलेला, खालून वर येणारा. भरदुपारी ऊन अंगणात पसरलं होतं, दारूगोळ्याच्या डेपोकडून एक दणका आला आणि खिडकीची काच थरथरली, नेहमीसारखी. मी गुंडी कानातून ओढून काढली.

"ऐकलं?"

"मले नाई ऐकू आलं काई," मी म्हणाले.

परतताना गाडीत मला राहून राहून एकच गोष्ट दिसत होती. आत्याच्या घरापासून नदी पायी वीस मिनिटं. उद्या तिला तो शब्द माझ्यासारखा ऐकू आला तर?

सेल बदलून देते म्हणून मी प्लेअर सोबत आणला होता. घरी आल्या आल्या त्यातलं सगळं पुसलं. कॉम्प्युटरातल्या बत्तीसच्या फायलीही पुसल्या. सीडीवरून दोन तासांची चांगली भजनं निवडली, एकशेअठ्ठावीसची, टाळ खणखणीत असलेली, ती भरली. पाचव्या कॅसेटीतलं ते भजनही मुद्दाम घेतलं. दुसऱ्या कडव्यानंतर तिथं फक्त टाळ होते. दहा वेळा ऐकलं. टाळ, आणि कोणाचा तरी खोकला. मला बरं वाटलं. वडिलांना म्हटलं, आता आवाज छान झाला.

वडील प्लेअर देऊन आले. आत्याचा फोन आला नाही. पंधरा दिवसांनी वडील पुन्हा जाऊन आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "तुही आत्या जेवत नाई बरोबर," ते म्हणाले. "मले म्हणते का पोरीनं यायले परत त्या टाळांत नेऊन बसवलं. आता कोणी ऐकत नाई त्यायचं. तू काय केलं नेमकं?"

मी सांगितलं. 'ये'बद्दल मात्र नाही सांगितलं.

वडील चिडत नसत, त्या दिवशीही चिडले नाहीत. फक्त म्हणाले, "तिचं तिले देऊन टाक."

मी सीडी लावली. तेच सॉफ्टवेअर, तोच आकडा, बत्तीस. टाळ पुन्हा विरघळले, पाणी पुन्हा हललं. प्लेअर घेऊन मी स्वतः पुलगावला गेले. आत्यानं पाचव्या कॅसेटीतलं भजन लावलं, डोळे मिटले, ऐकलं, आणि मान हलवली.

"हे नाई ते."

"तेच हाये, आत्या. जसं केलतं तसंच केलं."

"पाणी हाये. हे नाईत त्यात."

मी ऐकलं. खरंच नव्हतं. त्या थांब्यात चुळचुळ होती आणि संपलं. घरी येऊन पुन्हा करून पाहिलं. चोवीसवर केलं, चाळीसवर केलं, वाटलं पहिल्या वेळी आकडा टाकताना माझीच चूक झाली असेल. लग्नसराई तोंडावर होती, पत्रिकांची कामं अडली होती, गिऱ्हाइकं दारात उभी राहून जायची आणि मी कानात गुंड्या घालून तो एक शब्द शोधत होते. ज्याला भिऊन मी तो पुसला होता, तोच. शेवटी शेजारून टेप पुन्हा आणला. पाचवी कॅसेट लावली तर फीत दुसऱ्या कडव्याच्या आधीच तुटली.

हे सांगायला गेले तेव्हा आत्या शांतपणे ऐकत होती. मग उठली, चपला घातल्या. "चाल," म्हणाली.

"कुठी?"

"नदीवर."

दुपारचे तीन वाजले असतील. ती पुढं, मी मागं. देवळाजवळ कोणी नव्हतं. पायऱ्या उतरून ती पाण्याजवळ गेली, लुगडं किंचित वर धरलं आणि घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली. डोह तिथून सात-आठ हात. पाणी हिरवं आणि अगदी स्थिर होतं. मी चपलांसकट पाण्यात शिरले आणि तिचं मनगट धरलं.

"तुले ऐकू आलतं," ती डोहाकडे पाहत म्हणाली. "त्या दिवशी. तुह्या तोंडावरून समजलं मले."

"हो."

"'आलो'च म्हणत होते ना?"

मी तिच्याकडे पाहिलं नाही. "हो, आत्या. 'आलो'च."

तिनं मान डोलावली. आम्ही बराच वेळ तशाच उभ्या होतो. पायाखालची वाळू हळूहळू सरकत होती आणि मी तिच्या मनगटावरची पकड सोडली नाही, इतकी की तिच्या बांगडीचा वळ माझ्या तळव्यावर उमटला. मग तीच म्हणाली, "चाल. गाडी चुकन तुही."

आत्या पुढं सहा-सात वर्षं जगली आणि आजारपणात घरीच, खाटेवर गेली. त्या दिवसानंतर तिनं प्लेअरला हात लावला नाही. पण कधीकधी वडिलांना सांगून ती नदीवर जाऊन बसायची, आणि मला ते कळलं की मी पुढच्या गाडीनं पुलगावला जायची.